व्यासपीठावरचा प्रवासी आणि मागून येणारे ओझे

आमच्या महाविद्यालयात दर हिवाळ्यात तीन दिवसांची व्याख्यानमाला होते. पहिले दोन दिवस ‘जड’ विषयांचे. तिसरा दिवस श्रोत्यांच्या समाधानासाठी राखून ठेवलेला असतो. गेल्या वर्षी त्या दिवशी एक जगप्रवासी आले होते. पडद्यावर चित्रे सरकत होती आणि वक्ते रंगून बोलत होते. हिमालयातल्या एका खिंडीतले वादळ त्यांनी असे उभे केले की शेवटच्या बाकावरची पोरेही गप्प झाली. मी स्वतः हसलो, टाळ्याही वाजवल्या. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते कोणाला आंबट तोंडाने लिहिलेले वाटू नये.

शेवटी प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली तेव्हा वसतिगृहातला एक विद्यार्थी उठला. “सर, तंबू, भांडी, रॉकेल, हे सगळं वर कोणी नेलं?” सभागृहात हशा पिकला. वक्तेही हसले. म्हणाले, “अरे, हमाल होते ना आमच्याबरोबर! फार गोड माणसं. सांगायचं राहूनच गेलं बघ.” त्यांच्या स्वरात लबाडी नव्हती. खरोखरच राहून गेले होते. दीड तासाच्या कथनात वाऱ्याला जागा मिळाली, खेचराला मिळाली, वक्त्यांच्या फाटलेल्या मोज्यालाही मिळाली. हमालांचे तेवढे राहून गेले.

हे ‘राहून जाणे’ एका माणसाच्या विसराळूपणातून आलेले नाही, असे मला वाटते. ते या कलाप्रकाराच्या घडणीतच आहे. कलाप्रकार हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आपल्याकडे प्रवासवर्णनाच्या पुस्तकांची समीक्षा झाली, परंतु प्रवासाच्या व्याख्यानाची झाली नाही. ते करमणुकीत जमा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 साली सुरू झाली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाच्या मनाची जडणघडण व्याख्यानांनी किती केली याचा विचार केला, तर ही उपेक्षा परवडणारी नाही. ज्या कथनाला आपण निरुपद्रवी समजतो, त्याच्या वाटेनेच पुष्कळदा जगाकडे पाहण्याची दृष्टी आत शिरत असते.

चित्रे दाखवीत प्रवासाची गोष्ट सांगायची हा प्रकार व्यवसाय म्हणून बहरला तो इंग्लंड-अमेरिकेत. ‘ट्रॅव्हलॉग’ हा शब्द रूढ करणारा अमेरिकन व्याख्याता बर्टन होम्स याने आयुष्यभरात हजारो व्याख्याने दिली. लोवेल थॉमसने 1919 मध्ये पॅलेस्टाइन आणि अरबस्तानातल्या युद्धाची चित्रफितीसह व्याख्याने लंडनला नेली आणि लॉरेन्स नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याला दंतकथा बनवून टाकले. लढलेले अरब त्या दंतकथेची पार्श्वभूमी झाले. अशा व्याख्यानाचे काही अलिखित नियम असतात. मध्यभागी ‘मी’ असतो. संकट येते, पण वक्ता समोर धडधाकट उभा असल्याने श्रोता निर्धास्त असतो. स्थानिक माणूस आला तर तो एक तर विनोदी असतो, नाही तर भोळा. कार्यक्रम संपतो आणि श्रोता जग पाहिल्याच्या समाधानात घरी जाऊन झोपतो.

या व्यासपीठावर काळ्या माणसाला कोणती जागा मिळाली, हे पाहायचे तर मॅथ्यू हेन्सनकडे वळावे लागते. जन्म 1866, मेरीलँडमधला. लहानपणीच पोरका झाला, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास जहाजावर पोऱ्या म्हणून चढला आणि तिथेच लिहायला-वाचायला शिकला. पुढे वॉशिंग्टनमधल्या एका टोप्यांच्या दुकानात तो कामाला असताना, 1887 साली रॉबर्ट पीअरी या नौदलातल्या अभियंत्याची त्याच्याशी गाठ पडली. पीअरीला निकाराग्वाला जायचे होते आणि बरोबर घरगडी हवा होता. हेन्सन घरगडी म्हणूनच गेला. 1891 पासून मात्र आर्क्टिकच्या मोहिमा सुरू झाल्या आणि त्या घरगड्याविना पीअरीचे पाऊल पुढे पडेना. घसरगाड्या हेन्सन बांधी. कुत्र्यांचे जथे हाकण्यात पीअरीच्या माणसांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. इन्यूट लोकांची भाषा तो त्यांच्यासारखी बोले.

पीअरीला मोहिमांसाठी पैसा लागे आणि पैसा व्याख्यानांतून येई. 1892-93 च्या हिवाळ्यात त्याने अमेरिकाभर फिरून शंभरेक दिवसांत दीडशेच्या वर व्याख्याने झोडली. या दौऱ्यात हेन्सन बरोबर होता. तो व्यासपीठावर यायचासुद्धा! अंगावर केसाळ कातड्यांचा ध्रुवीय पोशाख चढवून, कुत्र्यांचा जथा हाकत, तापलेल्या सभागृहात घामाघूम होत तो प्रवेश करी. कुत्री भुंकत, श्रोते खूश होत. बोलायचे काम पीअरीचे. ज्याला तिथली भाषा येत होती त्याच्या वाट्याला वेष आला. ज्याला ती धड येत नव्हती तो दुभाष्याविना अमेरिकेला आर्क्टिक समजावून सांगत होता. आमच्या गावच्या जत्रेत वाजवणारे आमचे, पालखीला हात लावणारे दुसरे. मला या प्रसंगाची ओळख पटायला वेळ लागला नाही.

प्रदर्शनाचा हा हव्यास कुठवर गेला तेही सांगितले पाहिजे. 1897 साली पीअरीने ग्रीनलंडहून एक प्रचंड उल्कापाषाण आणला आणि त्याबरोबर सहा इन्यूट माणसे आणली. जहाज न्यूयॉर्कला लागल्यावर हजारो लोक पैसे मोजून ते पाहायला आले. माणसांना तिथल्या निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयात ठेवण्यात आले. थोड्याच महिन्यांत त्यांतली चार क्षयाने मेली. मिनिक नावाच्या मुलाचा बाप त्यांत होता. मुलासमोर त्याच्या दफनाचे सोंग करण्यात आले आणि हाडे संग्रहालयाने ठेवून घेतली. मिनिकला हे पुढे कळले. जन्मभर मागूनही त्याला ती मिळाली नाहीत. ती ग्रीनलंडला परत गेली 1993 साली, मिनिक मेल्यानंतर पाऊणशे वर्षांनी. कोणत्याही रंगतदार व्याख्यानात बसणारी ही हकीकत नव्हे. तिच्यात घरी परतणे नाही.

6 एप्रिल 1909 रोजी आपण उत्तर ध्रुवावर पोचलो, असे पीअरीने जाहीर केले. त्या शेवटच्या मुक्कामावर सहा माणसे होती: पीअरी, हेन्सन आणि चार इन्यूट – ऊटा, एगिंग्वा, सीग्लू, ऊकेआ. (पीअरी खरोखर ध्रुवावर पोचला होता काय, याविषयी पुढे जाणकारांनी गंभीर शंका घेतल्या, तो काही मैल अलीकडेच थांबला असावा असे आज पुष्कळांचे मत आहे. परंतु जिथे कुठे ते थांबले, तिथे ते सहाजण होते.) परतल्यावर पीअरीला काँग्रेसने रिअर अॅडमिरलचा हुद्दा आणि निवृत्तिवेतन दिले. हेन्सनने स्वतः व्याख्याने देण्याचे ठरवले. बावीस वर्षे ज्याच्या बरोबर काढली त्या पीअरीला ते रुचले नाही. मोहिमेची छायाचित्रे हेन्सनने वापरण्यालाही त्याचा विरोध होता. दौरा फार चालला नाही. हेन्सनला भाषणाची सवय नव्हती, हेही खरे. सवय कुठून असणार? वीस वर्षे त्याचे व्यासपीठावरचे काम कुत्री हाकण्याचे होते.

1912 मध्ये त्याचे ‘अ नीग्रो एक्सप्लोरर अॅट द नॉर्थ पोल’ हे पुस्तक आले, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या प्रस्तावनेसह. 1913 मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या जकात कचेरीत निरोप्याची नोकरी मिळाली, तीही राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने. आणि तिथून तो 1936 साली निवृत्त झाला. एक्सप्लोरर्स क्लबने त्याला 1937 मध्ये आत घेतले. 1955 साली तो वारला. 1988 मध्ये त्याचे अवशेष आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत पीअरीशेजारी हलवण्यात आले. नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीचे जे हबर्ड पदक पीअरीला 1906 साली मिळाले होते, ते हेन्सनला 2000 साली मिळाले. मधली चौऱ्याण्णव वर्षे कोणाच्या खात्यावर मांडायची?

पण हेन्सनला नायक करून थांबलो तर आपणही तोच खेळ खेळू. त्या चार इन्यूटांपैकी कोणी कधी अमेरिकेच्या व्यासपीठावर उभा राहून आपली बाजू सांगितली नाही. हेन्सनच्या पुस्तकात त्यांच्याविषयी माया आहे, आदर आहे. तरी तेही त्याच्या डोळ्यांनी दिसतात. पीअरीच्या खाली हेन्सन, हेन्सनच्या खाली ऊटा. ज्यांनी बाबासाहेबांकडून श्रेणीबद्ध विषमतेचे गणित शिकले आहे, त्यांना या उतरंडीचे नवल वाटू नये. वाटलीच तर आपल्यातल्या उतरंडीची आठवण व्हावी.

आता एवढ्यावरून मनोरंजन हाच शोषकांचा हस्तक आहे, असा निष्कर्ष काढण्याची आपल्याकडे घाई होते. मी त्या घाईच्या विरुद्ध आहे. विल्यम वेल्स ब्राऊन याचे उदाहरण पाहा. केंटकीत गुलाम म्हणून जन्मला, 1834 साली पळाला. 1847 मध्ये बोस्टनला त्याने जॉन बॅनव्हर्डचा मिसिसिपी नदीचा ‘पॅनोरामा’ पाहिला. पॅनोरामा म्हणजे दोन रुळांवर गुंडाळलेला रंगवलेला लांबच लांब पट. तो उलगडत जाई आणि बाजूला उभा राहून एकजण निवेदन करी. पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे त्यांना कल्पना येईल. फक्त इथे सुटी चित्रे नव्हती, सलग पट होता आणि त्याचा आकार राक्षसी होता. बॅनव्हर्डचा पट तीन मैलांचा आहे अशी जाहिरात केली जाई. प्रेक्षक खुर्चीत बसून नदीचा प्रवास करीत. पुढे लंडननेही तो डोक्यावर घेतला.

ब्राऊन त्या नदीवर आगबोटीत राबला होता. गुलामांच्या व्यापाऱ्याच्या हाताखाली त्याला काम करावे लागले होते. विक्रीला निघालेल्या म्हाताऱ्यांचे पिकलेले केस काळे करायला त्याला लावले जाई. पटावर त्याला नदी दिसली आणि गुलामगिरी इतकी सौम्य, इतकी शोभिवंत दिसली की तो थक्क झाला. त्याने सभा उधळली नाही. बहिष्काराचे पत्रकही काढले नाही. इंग्लंडमध्ये गेल्यावर 1850 साली त्याने चोवीस दृश्यांचा स्वतःचा पट रंगवून घेतला, शेजारी उभे राहून स्वतः निवेदन केले. तोच खेळ, तीच करमणुकीला आलेली गर्दी. फक्त नदी ज्याने पाठीवर वाहिली होती तो आता बोलत होता. 1852 मध्ये त्याने युरोपातल्या आपल्या तीन वर्षांवर प्रवासवर्णनही लिहिले. त्या वेळी तो कायद्याने अजून दुसऱ्याची मालमत्ता होता. त्याचे स्वातंत्र्य 1854 मध्ये इंग्लंडमधल्या मित्रांनी पैसे देऊन विकत घेतले. विकाऊ माणसाने लिहिलेले प्रवासवर्णन असा वर्ग ग्रंथालयशास्त्रात असेल असे वाटत नाही.

त्याहून विलक्षण हेन्री ‘बॉक्स’ ब्राऊनची कथा. बायकोमुले विकली गेल्यावर या माणसाने 1849 साली स्वतःला लाकडी पेटीत खिळे मारून बंद करवून घेतले आणि रिचमंडहून फिलाडेल्फियाला माल म्हणून पाठवले. सत्तावीस तासांचा प्रवास. पेटी तीन फूट लांब, दोन फूट रुंद, उंचीला तीन फुटांहून थोडी कमी. वाटेत काही काळ पेटी उलटी ठेवली गेली आणि तो डोक्यावर उभा होता. साहसाच्या व्याख्यानाला आणखी काय हवे? त्यानेही 1850 मध्ये पट रंगवून घेतला, ‘मिरर ऑफ स्लेव्हरी’. इंग्लंडमध्ये 1851 साली ब्रॅडफर्डहून लीड्सला तो पुन्हा पेटीत बसून रेल्वेने गेला, बँडबाजासह मिरवणूक निघाली आणि लोकांसमोर पेटी उघडली गेली. हा बाजारबुणगेपणा आहे असे तेव्हाच्या काही गंभीर मंडळींना वाटले. एका इंग्रजी वर्तमानपत्राने त्याची टर उडवली, तेव्हा त्याने फिर्याद लावली आणि नुकसानभरपाई मिळवली. पुढे तो जादूचे प्रयोगही करू लागला. अनेकांना ही घसरण वाटते. मला तसे म्हणवत नाही. ज्याच्यावर माल होण्याची पाळी आली, त्याने तो माल स्वतःच्या भावात विकला, तर नाक मुरडणारे आपण कोण? मात्र एक शंका उरते. पेटी दरवेळी उघडताना टाळ्या पडत असतील, तेव्हा त्या पेटीबाहेर राहिलेली बायको किती श्रोत्यांना आठवत असेल?

मनोरंजन करणाऱ्या गोऱ्या वक्त्यांतही एखादा क्षण वेगळा सापडतो. मार्क ट्वेन कर्ज फेडण्यासाठी 1895-96 मध्ये जगभर व्याख्याने देत फिरला. जानेवारी 1896 मध्ये तो मुंबईत आणि पुण्यातही होता. मुंबईच्या हॉटेलात एका गोऱ्याने नोकराच्या थोबाडीत मारलेली त्याने पाहिली. नोकराने ती मुकाट्याने सोसली. त्यासरशी ट्वेनला मिसूरीतले आपले बालपण आठवले, तिथल्या गुलामांना अशीच मारहाण होई आणि आपल्याला ती स्वाभाविक वाटे. ही आठवण त्याने 1897 च्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’मध्ये नोंदवली. विनोदकाराचा हात तिथे थांबला. पण त्याच पुस्तकात, त्याच मुंबईत, त्याने आपल्या नव्या नोकराचे मूळ नाव बाजूला सारून त्याला ‘सैतान’ हे नाव दिले आणि त्यावर पाने रंगवली. तीही पाने वाचनीय आहेत. मी ती वर्गात वाचून दाखवली, मुले हसली; मग मी त्या नोकराचे खरे नाव सांगितले. मूसा.

आता आपल्या घराकडे. आपल्याला प्रवासाचे, साहसाचे कथन नाही असे समजणे चूक आहे. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ला (ते पुस्तकरूपाने 1990 मध्ये आले) आपण केवळ दुःखाचा दस्तऐवज मानतो. तो प्रवासकथांचा संग्रहही आहे. मसूर स्टेशनावर उतरलेली पोरे. त्यांची जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण कबूल होतो, तेही गाडी पोरांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे या बोलीवर. या दृश्यात जेवढी भीषणता आहे तेवढाच विनोद आहे. 1934 सालचा दौलताबादचा प्रसंग घ्या. वेरूळची लेणी पाहायला निघालेली तीसेक माणसांची सहल. किल्ल्याच्या हौदावर धुळीने भरलेले हातपाय धुतले म्हणून गर्दी अंगावर आली. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आत पाण्याला कोणी शिवू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला गेला! दौलताबादवर किती रसाळ व्याख्याने झाली असतील. देवगिरीचे यादव येतात, तुघलक येतो, अंधारी वाट येते. हा शिपाई त्यांपैकी एकात तरी आला आहे काय?

‘भटकंती’ हा शब्द आज किती रोमँटिक झाला आहे. 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांना गाव सोडायचे तर हजेरी आणि परवाना लागे. तो कायदा रद्द व्हायला 1952 उजाडले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980) मुक्कामामागून मुक्काम चालते. गाढवावर बिऱ्हाड लादलेले आहे, गाव बदलते आहे, पोटाची आग तीच आहे. त्याला प्रवासवर्णन म्हणण्याचे कोणाच्या मनात आले नाही. अण्णाभाऊ साठे वाटेगावाहून मुंबईपर्यंत पायी आले, आणि पुढे 1961 मध्ये रशियाला जाऊन आले. ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिणारा हा माणूस हाडाचा शाहीर होता, हजारोंना तासन्‌तास खिळवून ठेवणारा. मराठी प्रवासवर्णनाच्या चर्चेत लंडन-पॅरिसच्या खुसखुशीत वर्णनांना मोठा मान मिळाला. अण्णाभाऊंच्या या पुस्तकाला त्याच्या निम्मी जागा मिळाली असती तरी मी तक्रार केली नसती.

आणि थोडे आपल्या वक्त्यांविषयी. 14 एप्रिलच्या सभांत मी लहानपणापासून बसतो आहे. कोलंबिया, लंडन, ग्रेज इन ही नावे मला पाढ्यासारखी पाठ झाली, ती पदव्यांच्या यादीतून. 1913 मध्ये बोटीतून न्यूयॉर्कला उतरलेला बावीस वर्षांचा तरुण काय पाहत होता, कोणाजवळ बसून जेवत होता, शिवाशिव नसलेल्या शहरातली पहिली रात्र त्याला कशी गेली असेल, हे आमच्या वक्त्याने कधी विचारात घेतले नाही. त्याने बाबासाहेबांचा एवढा मोठा प्रवास पुतळ्यासारखा उभा करून टाकला. आंबेडकरी जलशांना हे बरोबर उमगले होते. भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती आधी माणसाला हसवीत, बसते करीत, आणि मग मुद्द्याला हात घालीत. विद्वत्ता आली आणि आमच्यातले काहीजण रंगत म्हणजे हलकेपणा असे समजू लागले. मैदान आम्हीच मोकळे सोडले. मग तिसऱ्या दिवसासाठी पाहुणे बाहेरून येणारच.

तो विद्यार्थी दुसऱ्या दिवशी मला भेटला. हशा झाल्यामुळे जरा खजील होता. “सर, चुकीचं विचारलं का?” मी त्याला हेन्सनविषयी सांगितले आणि अण्णाभाऊंचे पुस्तक दाखवावे म्हणून ग्रंथालयात घेऊन गेलो. प्रवासवर्णनाच्या कपाटात ते नव्हते. ग्रंथपाल म्हणाले, “सर, ते तिकडे, दलित साहित्यात ठेवलंय.” ते कपाट जिन्याखाली आहे, किल्ली शोधायला थोडा वेळ लागला. या वर्षीच्या व्याख्यानमालेच्या समितीवर मला घेतले आहे. तिसऱ्या दिवसासाठी मी एका माणसाचे नाव सुचवले आहे. तो आमच्याच तालुक्यातला, बोटीवर खलाशी म्हणून निम्मे आयुष्य काढलेला आणि गोष्ट सांगायला पक्का. त्याला भाषणाची सवय नाही, असा आक्षेप बैठकीत आला आहे. पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे.